मेन्सचा टोरॉइड व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणून कसा लावायचा

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घरी बांधायचा म्हटलं की व्हॉल्व्ह मिळतात, सॉकेट मिळतात, चेसिस कुणाकडून तरी वाकवून घेता येते, पॉवर ट्रान्सफॉर्मर कुठलाही वाइंडिंगवाला करून देतो, आणि गाडी अडते ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरवर. चांगला ईआय कोरचा (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा), प्रायमरी-सेकंडरी थरांत सँडविच केलेला ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवला तर बाकी सगळ्या अ‍ॅम्पपेक्षा त्याचेच पैसे जास्त होतात, आणि इथे करून घ्यायचा तर तसं वाइंडिंग मन लावून करणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून बरेच जण विचारतात की साधा २३० व्होल्टचा टोरॉइड, म्हणजे गोल कड्यासारख्या कोरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, त्या जागी लावला तर चालेल का. चालतो, आणि नीट लावला तर छान चालतो, पण त्याच्या दोन अटी आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर बास पार बिघडतो. पहिली अट म्हणजे त्याच्या कोरमधून डीसी जाऊ द्यायचा नाही. दुसरी म्हणजे टोरॉइड निवडताना व्हीए (तो किती पॉवरचा आहे तो आकडा) बघून नाही तर व्होल्ट बघून निवडायचा. खाली जे काही आहे ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

उदाहरण म्हणून दोन ईएल८४ (छोटा पॉवर व्हॉल्व्ह) चा पुश-पुल घेतो, म्हणजे दोन व्हॉल्व्ह सिग्नल उलट-उलट दिशेने ओढतात, ३०० व्होल्ट एचटी (प्लेटला द्यायचा जास्त व्होल्टचा डीसी), प्लेट ते प्लेट ८ के, म्हणजे ८००० ओहम लोड, १५ वॅटच्या आसपास पॉवर. नव्या माणसाला झेपेल असा हाच सर्किट आहे, व्हॉल्व्ह सहज मिळतात, नवे जेजेचे घ्या नाहीतर कुणाकडे जुने बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) पडलेले असतील तर फारच उत्तम.

आधी टोरॉइडमध्ये चांगलं काय आहे ते. कोर म्हणजे सीआरजीओ स्टीलची (ट्रान्सफॉर्मरसाठीच्या खास स्टीलची) एकच लांब पट्टी गुंडाळलेली, मध्ये कुठे सांधा नाही, हवेची फट नाही. त्यामुळे प्रायमरी इंडक्टन्स भरपूर मिळतो. आणि वाइंडिंग पूर्ण गोल फिरलेलं असल्यामुळे प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकांना घट्ट जोडलेल्या असतात, लीकेज इंडक्टन्स कमी, म्हणून मेन्ससाठी बनवलेला टोरॉइडसुद्धा वरच्या फ्रिक्वेन्सीला बऱ्यापैकी लांब जातो. लोकांना वाटतं ट्रेबल मारला जाईल, पण खरा प्रश्न ट्रेबलचा नसतोच, बासचा असतो.

फट नाही हा जसा फायदा तसाच तोटा. ईआय कोरमध्ये लॅमिनेशनच्या सांध्यात जी बारीकशी फट राहते ती थोडाफार डीसी पचवते. टोरॉइड अजिबात पचवत नाही, दोन-चार मिलीअँपचा फरक पडला की कोर एका बाजूला झुकतो आणि बासच्या जोरदार ठोक्याला सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी फ्लक्स (चुंबकत्व) घेऊ शकत नाही. आउटपुटसाठीच खास बनवलेले टोरॉइड पण असतात बरं का, नेदरलँड्सचे मेनो व्हॅन डर वेन यांनी प्लिट्रॉन आणि अ‍ॅम्प्लिमो या कंपन्यांसाठी डिझाइन केलेले त्यातले नावाजलेले, पण त्यांचं वाइंडिंग ऑडिओ डोळ्यासमोर ठेवून केलेलं असतं. आपण बोलतोय ते दुकानात मिळणाऱ्या पॉवर टोरॉइडबद्दल.

व्होल्ट बघा, व्हीए नंतर

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. वाटतं की ३०० व्हीएचा भला मोठा टोरॉइड घेतला की बास जबरदस्त येईल. तसं होत नाही. २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा टोरॉइड ३० व्हीएचा असो की ३०० व्हीएचा, बनवणाऱ्याने त्याच्या कोरमधला फ्लक्स साधारण सारखाच ठेवलेला असतो, १.५ टेस्लाच्या पुढे, म्हणजे सॅच्युरेशनच्या बऱ्यापैकी जवळ, कारण तांबं आणि स्टील वाचवायचं असतं. फ्लक्स ठरतो व्होल्ट भागिले फ्रिक्वेन्सी यावर. ५० हर्ट्झला २३० व्होल्ट झेपतात म्हणजे २५ हर्ट्झला ११५ च झेपणार, व्हीए काहीही असू दे.

आता आपल्या अ‍ॅम्पचं गणित करू. १५ वॅट ८ के लोडमध्ये म्हणजे प्लेट ते प्लेट व्होल्टेज = १५ गुणिले ८००० चं वर्गमूळ = ३४६ व्होल्ट आरएमएस. आणि आपला एकटा टोरॉइड २३० चा. म्हणजे फुल पॉवर मिळणार ती ७५ हर्ट्झच्या वरच. उलट्या बाजूने बघितलं तर २३० चा वर्ग भागिले ८००० = ६.६ वॅट, एवढीच पॉवर ५० हर्ट्झला, आणि ३० हर्ट्झला तर जेमतेम २.४ वॅट. पखवाजाची धूम किंवा ऑर्गनचा खर्ज ऐकायचा असेल तर हे पुरेसं नाही.

उपाय म्हणजे प्रायमरी ४६० व्होल्टची करायची. मग ५० हर्ट्झला २६ वॅट झेपतात, ३० हर्ट्झला ९.५ वॅट, आणि १५ वॅट साधारण ३८ हर्ट्झपर्यंत खाली मिळतात. घरात ऐकायला हे उत्तम आहे, कारण एवढ्या खालच्या सुरांना इतकी पॉवर रोजच्या ऐकण्यात क्वचितच लागते.

एक पळवाट आहे, ईएल८४ ट्रायोड करून चालवायचा, म्हणजे स्क्रीन (आतली दुसरी ग्रिड) १०० ओहममधून प्लेटलाच जोडायची. प्लेट ते प्लेट १० के लोडला साधारण ५ वॅट मिळतात, म्हणजे २२४ व्होल्ट, आणि तिथे एकच २३० चा टोरॉइड पुरतो. ज्यांचे स्पीकर सेन्सिटिव्ह आहेत आणि खोली लहान आहे त्यांनी आधी हाच करून बघावा असं माझं स्पष्ट मत आहे, आवाज गोड असतो आणि खर्च निम्मा.

कुठला टोरॉइड घ्यायचा

दोन टोरॉइड घ्या, एकाच मेकचे, एकाच लॉटचे, प्रत्येक ३० ते ५० व्हीए, प्रायमरी ११५+११५ अशी दोन वेगळ्या वाइंडिंगची आणि सेकंडरी ६+६ व्होल्ट, त्याही दोन वेगळ्या. स्टिरिओला अर्थातच चार लागतील. प्रायमरी ११५+११५ असणं इथे फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे येतं. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर समोर ठेवलेला माल बहुतेक ०-२३० असा एकाच प्रायमरीचा असतो, तो नको. चार प्रायमरी वायरी असलेला मागा, एक्स्पोर्टसाठी बनवणाऱ्यांकडे तो असतो, किंवा ऑर्डर देऊन करून घ्या. परदेशी म्युझिक सिस्टिम भंगारात निघाली तर तिच्यातही कधीकधी ११५+११५ वाला सापडतो.

आता रेशो, म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरीच्या व्होल्टचं प्रमाण. लेबलवर ६ व्होल्ट लिहिलंय म्हणजे तो फुल लोडचा आकडा असतो. रेशोसाठी लागतं ते नो-लोड व्होल्टेज, आणि छोट्या टोरॉइडमध्ये ते १३ ते १८ टक्के जास्त असतं, म्हणजे ६ च्या जागी ७ च्या आसपास दिसेल. लेबलवरून हिशोब केला तर इम्पीडन्स तीस-पस्तीस टक्क्यांनी चुकतो कारण रेशोचा वर्ग होतो. म्हणून मोजायचंच. प्रायमरी दोन्ही (कुठलं टोक सुरुवात आणि कुठलं शेवट ते पुढे दिलंय तसं आधी ओळखून) सिरीजमध्ये करून २३० वर लावा, सेकंडरी मोकळी ठेवून मीटरने मोजा, त्याच वेळी मेन्सचं व्होल्टेज पण मोजा कारण ते बरोबर २३० कधीच नसतं, २२० ते २४५ काहीही असतं.

समजा मेन्सचा हिशोब लावून प्रत्येक सेकंडरी ७ व्होल्टची निघाली. दोन टोरॉइडची प्रायमरी मिळून ४६०, प्रत्येक टोरॉइडच्या दोन सेकंडरी सिरीजमध्ये १४. रेशो ४६० भागिले १४ = ३२.९, त्याचा वर्ग १०८०, गुणिले ८ ओहम = ८.६ के. ईएल८४ ला ८ के पाहिजे होते, ८.६ म्हणजे अगदी मस्त. ९ के आले तरी काळजी नाही, किंचित पॉवर कमी आणि डिस्टॉर्शन पण कमी.

तांब्यात किती वाया जातं अशी शंका येते, कारण टोरॉइड छोटे आहेत. ३० व्हीएच्या टोरॉइडची २३० व्होल्टची प्रायमरी शे-दीडशे ओहमची असते, दोन मिळून तीनशेच्या आत, ८.६ के पुढे ते काहीच नाही. सेकंडरीचा रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास. सगळं मिळून पाच-सहा टक्के जातात.

वायरिंग, इथे सावकाश वाचा

दोन टोरॉइड आहेत आणि पुश-पुलच्या दोन बाजू आहेत, तर सहज हात जातो तो एका व्हॉल्व्हला एक टोरॉइड आणि दुसऱ्याला दुसरा असा, मधल्या सांध्यावर एचटी. दिसायला अगदी बरोबर दिसतं आणि ते पूर्ण चूक आहे. कारण पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे डीसी एकमेकांना खोडतात ते एकाच कोरमध्ये असले तरच. वेगवेगळ्या कोरमध्ये गेले की प्रत्येक कोरला पूर्ण ३५ मिलीअँप डीसी बसतो आणि दोन्ही कोर जागीच सॅच्युरेट. आवाज येतो, पण पातळ, खालचं काही नाही.

बरोबर पद्धत अशी. पहिल्या टोरॉइडच्या दोन ११५ च्या वाइंडिंगना क१ आणि ख१ म्हणू, दुसऱ्याच्या क२ आणि ख२. वरच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून क१ ची सुरुवात, क१ चा शेवट क२ च्या सुरुवातीला, क२ चा शेवट एचटीला. तिथूनच, म्हणजे एचटीपासून ख१ ची सुरुवात, ख१ चा शेवट ख२ च्या सुरुवातीला, आणि ख२ चा शेवट खालच्या व्हॉल्व्हच्या प्लेटला. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हचा करंट दोन्ही कोरमधून जातो, आणि प्रत्येक कोरमध्ये दोन्ही व्हॉल्व्हचे करंट उलट दिशेने येऊन एकमेकांना खोडतात. ११५+११५ चाच पाहिजे असं म्हटलं ते यासाठी.

सेकंडरीचं पण एक बारीक आहे. प्रत्येक टोरॉइडच्या दोन सेकंडरी सिरीजमध्ये करून १४ व्होल्ट करा, आणि मग दोन टोरॉइडचे ते १४-१४ व्होल्ट एकमेकांना पॅरलल करा. प्रत्येक टोरॉइडच्या दोन सेकंडरी पॅरलल करून मग दोन टोरॉइड सिरीजमध्ये लावले तरी रेशो तोच येतो आणि काम चालतं, पण मग सिग्नलचं व्होल्टेज दोन कोरमध्ये कसं वाटलं जाईल ते त्यांच्या मॅग्नेटायझिंग करंटवर सोडलं जातं, आणि एकाच लॉटच्या दोन टोरॉइडमध्येही त्यात फरक असतो. पॅरलल केलं की दोघांना सारखंच व्होल्टेज घ्यावं लागतं. एक कोर आधीच दमतो आणि दुसरा निवांत बसतो असं होत नाही.

वाइंडिंगची सुरुवात आणि शेवट ओळखायला छोटा १२ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर घ्या. तो १२ व्होल्ट फक्त ११५ च्या एका वाइंडिंगला द्यायचा. चुकूनही ६ व्होल्टच्या सेकंडरीला देऊ नका, तसं केलंत तर प्रायमरीवर चारशे व्होल्टच्या आसपास तयार होतील आणि त्या मोकळ्या वायरी तुमच्या हातात असतील. क१ ला १२ दिले की ख१ वर पण जवळपास १२ दिसतील. आता क१ चं एक टोक ख१ च्या एका टोकाला जोडा आणि उरलेल्या दोन टोकांत मोजा. २४ आले तर जोडलेली टोकं म्हणजे एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात, शून्य आलं तर उलटं. रंगीत टेप लावून लगेच खूण करा. सेकंडरीचंही तसंच, फक्त आकडे लहान असतील. दोन टोरॉइडच्या सेकंडरी पॅरलल करताना आधी एकच टोक जोडायचं, उरलेल्या दोन टोकांत मोजायचं, शून्याजवळ असेल तरच जोडायचं.

सगळं जोडल्यावर मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मिळाला तर प्रायमरी ते सेकंडरी ५०० किंवा १००० व्होल्टवर तपासा. प्लेटचं व्होल्टेज सिग्नलच्या टोकाला साडेपाचशेच्या आसपास जातं, चांगल्या मेकच्या टोरॉइडला ते सहज सोसतं कारण त्यांची टेस्टच काही हजार व्होल्टला झालेली असते, पण बिनलेबलच्या मालावर विश्वास ठेवू नका. आणि सेकंडरीचं एक टोक चेसिसच्या अर्थला जोडलेलंच पाहिजे. उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर एचटी स्पीकरच्या वायरवर येण्याऐवजी फ्यूज उडाला पाहिजे.

बसवताना मधला बोल्ट फक्त एका बाजूने चेसिसला लागला पाहिजे. बोल्टचं वरचं टोक झाकणाला किंवा पट्टीला टेकलं तर बोल्ट, चेसिस, झाकण मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर ठार होतो. दोन टोरॉइड एकावर एक ठेवून एकाच बोल्टने बसवले तरी चालतात, मध्ये रबराची चकती घाला.

डीसी बॅलन्स

हा या सगळ्याचा जीव आहे. जुन्या डेटाशीटमध्ये दोन ईएल८४ ला मिळून एकच १३० ओहमचा कॅथोड रेझिस्टर दाखवलेला असतो. टोरॉइडला तो नको, कारण दोन व्हॉल्व्ह थोडे जरी वेगळे असले तरी एक जास्त ओढतो आणि दुसरा कमी, आणि त्यांना आवरायला कुणी नाही. प्रत्येकाला वेगळा कॅथोड रेझिस्टर द्या, २२० ओहम २ वॅट आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहमचा वायरवाउंड प्रीसेट, दोन्ही मिळून २७० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. त्यांना समांतर २२० मायक्रोफॅरड. आणि त्याखाली अर्थला जाताना १० ओहम एक टक्क्याचा रेझिस्टर. त्या १० ओहमवर ४०० मिलीव्होल्ट म्हणजे ४० मिलीअँप, १० मिलीव्होल्टचा फरक म्हणजे १ मिलीअँपचा फरक, डोक्यात हिशोब होतो.

फरक १ मिलीअँपच्या आत आणा. का एवढा कमी, तर तुमच्या टोरॉइडचा मॅग्नेटायझिंग करंट बघा म्हणजे कळेल. सिरीज बोर्डचा बल्ब (मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये लावलेला साधा बल्ब) आणि १०० ओहम ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर मध्ये ठेवून टोरॉइड २३० वर लावा, रेझिस्टरवरचं एसी व्होल्टेज मोजा. अर्धा व्होल्ट आला तर ५ मिलीअँप. म्हणजे कोर पूर्ण भरायलाच ५ मिलीअँप लागतात, त्यातले दोन डीसीनेच खाल्ले तर सिग्नलला राहिलं काय? याच आकड्यावरून इंडक्टन्स पण कळतो, २३० भागिले ०.००५ म्हणजे ४६ के, भागिले ३१४ = साधारण १४६ हेन्री. ईआय कोरमध्ये एवढा इंडक्टन्स मिळवायला किती स्टील आणि किती वेढे लागतील विचार करा.

कॅथोडवर मोजलेल्या करंटमध्ये स्क्रीनचा करंट पण असतो, ४ मिलीअँपच्या आसपास, आणि तो ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही. दोन व्हॉल्व्हचे स्क्रीन करंट वेगळे असले तर कॅथोडला बॅलन्स दिसूनही प्लेटला नसतो. ज्याला अगदी नेमकं करायचंय त्याने प्रायमरीच्या प्रत्येक अर्ध्या भागावरचं डीसी व्होल्टेज मोजावं आणि त्या भागाच्या रेझिस्टन्सने भागावं. दोन भागांचे रेझिस्टन्स आधीच, अ‍ॅम्प बंद असताना, लिहून ठेवा, कारण बाहेरच्या वाइंडिंगची वायर लांब असते आणि ते सारखे नसतात. हे मोजताना मीटरची दोन्ही टोकं ३०० व्होल्टवर असतात, तेव्हा क्रोकोडाइल क्लिप अ‍ॅम्प बंद करून लावा, मग चालू करा, हात लांब.

काही जण रेझिस्टरच्या जागी प्रत्येक कॅथोडला एलएम३१७ (रेग्युलेटर आयसी) चा करंट सोर्स लावतात, ३३ ओहम लावला की १.२५ भागिले ३३ म्हणजे ३८ मिलीअँप पक्के, व्हॉल्व्ह म्हातारा झाला तरी फरक नाही. क्लास ए मध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह सतत चालू), म्हणजे ट्रायोडच्या ५ वॅटवाल्या अ‍ॅम्पला, हा सगळ्यात निर्धास्त उपाय. पण १५ वॅट काढायचे तर अ‍ॅम्प क्लास एबीत जातो (मोठ्या सिग्नलला व्हॉल्व्ह आळीपाळीने बंद होतात), तिथे जोराच्या सिग्नलला व्हॉल्व्हचा सरासरी करंट वाढायला पाहिजे, एलएम३१७ तो वाढू देत नाही, कॅथोडचा कॅपॅसिटर चार्ज होत जातो आणि बायस सरकतो. त्यामुळे तिथे मी वेगळे रेझिस्टरच सांगेन.

बास आधीच आवरा

टोरॉइडला १५-२० हर्ट्झचा कचरा पोचूच द्यायचा नाही. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी तर हे नक्कीच करा, वाकड्या रेकॉर्डवर सुई वरखाली होते तो सिग्नल ऐकू येत नाही पण कोर सॅच्युरेट करायला पुरतो. अ‍ॅम्पच्या अगदी इनपुटला कपलिंग कॅपॅसिटर मुद्दाम लहान घाला, ४७० के च्या ग्रिड रेझिस्टरबरोबर १२ नॅनोफॅरड म्हणजे २८ हर्ट्झला कट. हा फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा सिग्नल परत मागे देतात त्याच्या) लूपच्या बाहेर पाहिजे. आत ठेवलात तर फीडबॅक त्याला भरून काढायचा प्रयत्न करतो, कोर सॅच्युरेट होतो, इंडक्टन्स कोसळतो, आणि अ‍ॅम्प खालच्या फ्रिक्वेन्सीला डुलायला लागतो, स्पीकरचा कोन नुसता आतबाहेर होताना दिसतो. लूपच्या आतले कपलिंग कॅपॅसिटर मात्र मोठे, ०.२२ मायक्रोफॅरड वगैरे.

ड्रायव्हरला एक ईसीसी८३ (एकाच काचेत दोन ट्रायोड) पुरतो, अर्धा गेनसाठी, अर्धा स्प्लिटर म्हणून, म्हणजे दोन ईएल८४ ना उलट-उलट सिग्नल द्यायला, कॅथोड आणि प्लेटला सारखे रेझिस्टर लावून. तिथे एक टक्क्याचे रेझिस्टर वापरा. बाकी नेहमीचंच, त्यात टोरॉइडमुळे काही बदलत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

सेकंडरीवर २२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा ठोकून द्या, स्पीकरची वायर निघाली तरी लोड राहतो आणि प्लेटवर हजार-दोन हजार व्होल्टचे झटके तयार होऊन काही जळत नाही. एचटीच्या कॅपॅसिटरवर २२० के २ वॅटचा ब्लीडर लावा. अ‍ॅम्प बंद केल्यावरही आधी मीटरने एचटी शून्य झालीय बघायचं, मगच आत हात घालायचा. हे ३०० व्होल्ट डीसी आहेत, ते माफ करत नाहीत.

स्पीकर लगेच नको, ८ ओहम २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लोड म्हणून लावा. फीडबॅकची वायर मोकळी ठेवा. सिरीज बल्बमधून चालू करा, बल्ब लखकन पेटून मंद झाला की ठीक. मग थेट मेन्सवर घ्या, दहा मिनिटं गरम होऊ द्या, बॅलन्स लावा, अर्ध्या तासाने परत बघा कारण तो थोडा हलतोच.

मग सिग्नल जनरेटर आणि स्कोप (ऑसिलोस्कोप). जनरेटर नसेल तर फोनवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपने काम भागतं. १ किलोहर्ट्झला लोडवर ११ व्होल्ट आरएमएस म्हणजे १५ वॅट. तेवढ्यावर सेट करून फ्रिक्वेन्सी हळूहळू खाली आणा, १००, ६०, ५०, ४०. साइनची दोन्ही टोकं सारखी राहून एकाच वेळी मोडायला लागली तर ते निखळ सॅच्युरेशन, व्होल्टेज कमी करा, मोडतोड नाहीशी होईल, आणि जिथे ती सुरू झाली ती तुमच्या ट्रान्सफॉर्मरची मर्यादा. हिशोबातल्या ३८ हर्ट्झच्या आसपास ती आली पाहिजे. पण एकच बाजू आधी मोडत असेल, वरचं टोक दबलंय आणि खालचं व्यवस्थित आहे असं, तर डीसी बॅलन्स बिघडलाय. त्या वेळी स्कोपकडे बघत बघत कॅथोडचा प्रीसेट किंचित फिरवा, ४० हर्ट्झच्या साइनची दोन्ही टोकं सारखी होताना समोर दिसतात. मीटरपेक्षा हे जास्त खरं सांगतं, कारण इथे कोर स्वतः बोलतोय, स्क्रीन करंटचा घोळ आपोआप धरला जातो.

फीडबॅक

१० ते १२ डीबीपेक्षा जास्त नको. मेन्सच्या टोरॉइडमध्ये वाइंडिंगमधला कॅपॅसिटन्स जास्त असतो आणि दहा किलोहर्ट्झच्या काही पट पुढे कुठेतरी एक-दोन रेझोनन्स बसलेले असतात, कुठे ते प्रत्येक मेकमध्ये वेगळं. वायर जोडल्यावर अ‍ॅम्प किंचाळला तर फेज उलटी आहे, ईएल८४ च्या दोन प्लेटच्या वायरी आपसात बदला, सेकंडरीला हात लावू नका म्हणजे अर्थ जागेवर राहतो. मग १० किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह देऊन बघा. कोपऱ्यावर लाटा उठत असतील तर फीडबॅक रेझिस्टरला समांतर ४७ ते २२० पिकोफॅरडमधला जो बसेल तो कॅपॅसिटर लावा. शेवटी लोडच्या रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरड लावून बघा, तरीही ऑसिलेट झाला नाही तर स्पीकर जोडायला हरकत नाही.

४ ओहम, आणि ऑर्डर देऊन करायचं असेल तर

स्पीकर ४ ओहमचे असतील तर ६+६ चा टोरॉइड जमत नाही, ४.३ के येतात, फार कमी. ९+९ चा घ्या आणि सगळ्या सेकंडरी पॅरलल करा, नो-लोड १०.३ च्या आसपास मिळतात, ४६० भागिले १०.३, वर्ग करून ४ ने गुणलं की बरोबर ८ के. प्रत्येक टोरॉइडच्या त्याच दोन सेकंडरी सिरीजमध्ये करून मग दोन टोरॉइड पॅरलल केले तर १६ ओहमला ८ के.

वाइंडिंगवाला ओळखीचा असेल तर दोन टोरॉइडची भानगडच नको, ५० ते १०० व्हीएच्या एकाच कोरवर करून घ्या. त्याला असं सांगायचं: प्रायमरी दोन, प्रत्येकी २३० व्होल्ट, दोन वायरी एकत्र धरून बरोबरच वाइंड केलेल्या, चारही टोकं वेगळी बाहेर. सेकंडरी ०-१०.३-१४.५, आणि हे नो-लोड व्होल्टेज आहे हे दोनदा सांगा, नाहीतर तो सवयीने रेग्युलेशनचे (लोडवर व्होल्ट घसरतात ते भरून काढायचे) वेढे वाढवून देतो. १०.३ वर ४ ओहम, १४.५ वर ८ ओहम. दोन वायरी बरोबर वाइंड केल्या की दोन्ही भागांचा रेझिस्टन्स पण सारखा येतो आणि मधला कपलिंग उत्तम. फ्लक्स १.२ टेस्लाला ठेव म्हणावं, वेढे थोडे वाढतील, पण बास आणखी खाली जाईल.

सिंगल एंडेडला (एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या सर्किटला) हा टोरॉइड थेट लावता येत नाही, तिथे डीसी खोडायला दुसरा व्हॉल्व्हच नाही. मार्ग एकच, प्लेटला एचटी वेगळ्या चोकमधून द्यायची, चोक त्या करंटला निदान २०-३० हेन्रीचा पाहिजे, आणि टोरॉइड ४.७ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टच्या फिल्म कॅपॅसिटरमधून जोडायचा, दुसरं टोक अर्थला. मग कोरला डीसी दिसतच नाही. एक २३० व्होल्टचा साधा टोरॉइड इथे पुरतो, ११५+११५ ची पण गरज नाही, तपकीर गल्लीतला ०-२३० वाला चालेल.